शाळेच्या वाटेवरचे 'शून्य' कार्य

डोक्यावर ट्रंक घेऊन सपाट फलाटावरून चालणारा हमाल गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य करतो, हा प्रश्न तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. उत्तर आहे 'शून्य'. बल उभ्या दिशेत आणि विस्थापन आडव्या दिशेत! मग हमालाला घाम का फुटतो? कारण माणूस चाकांवर घरंगळत नाही. प्रत्येक पावलागणिक त्याचा गुरुत्वमध्य काही सेंटिमीटर वर उचलला जातो व पुन्हा खाली येतो. ओझे तोलून धरणारे स्नायूही ऊर्जा खर्च करतात. म्हणजे उत्तरपत्रिकेतील शून्य शरीराच्या जमाखर्चात मात्र शून्य नसते.

हाच जमाखर्च आता तुमच्या शाळेच्या वाटेला लावून पाहू. समजा, शाळा घरापासून २ किलोमीटरवर आहे आणि तुमचे वजन ४५ किलोग्रॅम आहे. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालल्यास एका फेरीला २४ मिनिटे लागतील. जाऊन-येऊन शरीर सुमारे ६०० किलोज्यूल ऊर्जा खर्च करील. सायकलवर शरीराचा भार आसन पेलते, गुरुत्वमध्य जवळजवळ एकाच उंचीवर राहतो, म्हणून तेवढ्याच अंतराला साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा पुरते. आता स्कूटर पाहा. वडील तुम्हांला सोडून घरी परततात व संध्याकाळी पुन्हा न्यायला येतात. एकूण ८ किलोमीटर झाले. लिटरला ४५ किलोमीटर धरले, तर सुमारे ६,००० किलोज्यूल पेट्रोल जळते. चालण्याच्या दहापट! आणि तुमच्या स्नायूंच्या वाट्याला काय? जवळजवळ काहीच नाही.

ही बाब किरकोळ नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्या संशोधकांनी १४६ देशांतील माहिती तपासून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ११ ते १७ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८१ टक्के एवढी हालचाल करीत नाहीत. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के आहे. हृदय, हाडे व स्नायू यांची जडणघडण याच वयात होते. 'वेळ कुठे आहे?' असे तुम्ही विचाराल. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. झपाझप चाललात तर ६० पैकी ४८ मिनिटे शाळेच्या वाटेवरच मिळतात!

याचा दोष मुलांच्या आळसाला देणे मला मान्य नाही. रस्त्यावर वाहने फार, म्हणून पालक मुलांना वाहनाने सोडतात. त्यामुळे शाळेच्या फाटकाशी वाहने आणखी वाढतात आणि चालणारी उरलीसुरली मुलेही वाहनात बसतात. परिणामच कारणाला खतपाणी घालतो. हे चक्र एकट्या मुलाला तोडता येणार नाही. ते शाळेने तोडले पाहिजे. भरताना व सुटताना अर्धा तास फाटकासमोरचा रस्ता वाहनांना बंद ठेवावा, एका आळीतील मुलांनी गटाने यावे, सायकलींसाठी सावलीची जागा असावी. यांपैकी कशालाही मोठा खर्च लागत नाही.

मात्र चालण्याचे गोडवे गाताना एक विसरू नये. दप्तर घेऊन पाच-सहा किलोमीटर पायपीट करणाऱ्या खेड्यातील मुलीला व्यायामाचा उपदेश नको, सायकल हवी. बिहार राज्याने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना आखली. पुढे तिचा अभ्यास झाला, तेव्हा मुलींची माध्यमिक शाळेतील नोंदणी सुमारे एक तृतीयांशाने वाढल्याचे आढळले. शाळा जितकी दूर, तितका लाभ अधिक! म्हणून माझे मत असे : २ किलोमीटरपर्यंत पायी, ५ किलोमीटरपर्यंत सायकलने, आणि त्याहून दूर असल्यास बसने.

शिक्षकांना एक विनंती. पुढच्या आठवड्यात वर्गात एक प्रयोग करा. प्रत्येक विद्यार्थ्याचे घर किती दूर, तो कशाने येतो आणि शाळेत पोचताच मिनिटाला नाडीचे ठोके किती, याचा तक्ता करा. २ किलोमीटरच्या आत राहूनही वाहनाने येणारे किती, ते मोजा. तो आकडा फळ्यावर लिहा आणि पालकसभा होईपर्यंत पुसू नका.