आजोबांचा दाखला नातवाकडे का मागता?

बारावीचा निकाल लागला की आमच्या शेतकरी व कारागीर घरांतून दोन धावपळी एकदम सुरू होतात. पोरगा कॉलेजांच्या याद्या पाहतो, आणि बाप हातचे काम टाकून तलाठी, सेतू, तहसील अशा खेपा घालू लागतो. सरकार म्हणते, पैशावाचून कोणाचे शिक्षण अडणार नाही. बोलणे फार चांगले आहे. मग अडते कोठे, एवढेच आम्ही आज पुसणार आहोत.

कागदावर योजनांना तोटा नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 पासून चालत आली आहे. आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारकांच्या व मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. 2024 साली आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागास वर्गांतील, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. हे सर्व आम्ही मान्य करतो. पण कोठाराला धान्य असून भागत नाही, दार उघडले पाहिजे.

त्या दाराशी काय चालते पाहा. राखीव जागेवर इंजिनिअरिंगला किंवा डॉक्टरीला जाणाऱ्या पोराला जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गांना 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. म्हणजे बहुधा आजोबांचा शाळेचा दाखला! ज्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याच शाळेचा कागद आज नातवाकडे मागतात. ज्याचा आजा शिकला त्याचे काम सोपे, ज्याचा आजा मेंढरांमागे गेला त्याचे काम अवघड. मदत ज्याला अधिक हवी, त्यालाच पुरावा अधिक जड!

यावर विद्वान म्हणतील, खोटे दाखले काढून लबाड लोक घुसतात, म्हणून तपासणी हवी. तपासणी जरूर करा. लबाडाने खाल्लेला घास आमच्याच पोराच्या ताटातला असतो. पण 2001 च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक 23 ने सिद्ध करण्याचा सारा भार अर्जदारावर टाकला आहे, आणि जुनी दप्तरे मात्र सरकारच्या कपाटात आहेत. गावच्या जन्ममृत्यूची नोंद, जिला आपण कोतवाल बुक म्हणतो, ती तहसिलाच्या अभिलेख कक्षात पडली आहे. दप्तर ज्याच्या कपाटात, त्यानेच ते उघडून पाहावे. चोर सापडावा म्हणून घरधन्यालाच चावडीवर उभे करण्याची ही कोठली रीत?

ही गोष्ट आजची नव्हे. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला बजावले होते की, चढाओढीने वाटलेल्या शिष्यवृत्त्या दिसायला न्यायाच्या असल्या तरी त्यांनी मागे राहिलेल्या वर्गांत विद्या पसरत नाही. तेव्हा चढाओढ गुणांची होती. आता तिच्या जोडीला कागदांची चढाओढ आली आहे.

दुसरे गाऱ्हाणे वेळेचे. बी मृगाला लागते. दिवाळीला मिळालेले बी घेऊन कुणब्याने काय करावे? फी आणि खाणावळ जूनजुलैत भरायची, आणि शिष्यवृत्ती खात्यावर पडते ती कधी वर्षाच्या अखेरीस, तर कधी त्याहून उशिरा. हे वरातीमागून घोडे झाले. मधल्या काळात बाप सावकाराकडे जातो, आणि फुकट म्हणून मिळालेल्या शिक्षणावर व्याज चढते. पात्र मुलांकडून फी आगाऊ घेऊ नका, असे सरकारने कॉलेजांना बजावले असतानाही काही ठिकाणी आधी भरा, मग बघू असे उत्तर मिळते.

तिसरे गाऱ्हाणे मर्यादेचे. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा 2013 साली अडीच लाख ठरली. केंद्राच्या 2021 च्या नियमांतही ती तेवढीच राहिली. आठ वर्षांत तेल, पाठ्यपुस्तके, खोलीभाडे सर्व चढले, मर्यादा तेवढी जागची हलली नाही.

आता दोन शब्द आपल्या घरच्यांना. तहान लागल्यावर विहीर खणू नका. पोर अकरावीत गेले की जातीचा व अधिवासाचा दाखला काढा. वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजामार्फत करा. आजोबा शाळेत गेले नसतील तर कोतवाल बुकाची नक्कल मागा. सख्ख्या भावाची किंवा चुलत्याची वैधता झाली असेल तर तिची प्रत जोडा. पोराच्या नावचे खाते आधारशी जोडून घ्या. महाडीबीटीवर अर्ज पोराने स्वतः भरावा, आणि परवलीचा शब्द व ओटीपी दलालाच्या हाती देऊ नये. लग्नाच्या मांडवाला वर्षभर आधी तयारी करणारे आपण, कॉलेजच्या तयारीला आठ दिवसही देत नाही, हे बरे नव्हे.

आणि सरकारला आमचे मागणे एवढेच. जो कागद तुमच्या एका कचेरीने दिला, तो दुसऱ्या कचेरीसाठी पोराकडे मागू नका. जुने दप्तर तुम्ही शोधा. पैसा सत्र सुरू होण्याआधी द्या. मर्यादा महागाईबरोबर वाढवा. शिष्यवृत्ती हे दान नव्हे. रयतेने भरलेल्या करातून ती निघते, आणि आपल्याच पैशासाठी रयतेच्या पोराने दारोदार फिरावे, हे आम्हांस मुळीच मान्य नाही.