असत्य स्वस्त, खुलासा महाग

राजकारणातील स्त्रीचा युक्तिवाद खोडता आला नाही, की तिच्या चारित्र्याकडे बोट दाखवावयाचे, ही रीत जुनीच आहे. पूर्वी अशा कुजबुजीला पुरावा नसे. आता संगणक तो ‘पुरावा’ जवळजवळ फुकट तयार करून देतो. डीपट्रेस या संस्थेने 2019 मध्ये इंटरनेटवरील 14,678 बनावट चित्रफिती मोजल्या, तेव्हा त्यांपैकी 96 टक्के अश्लील निघाल्या.

इटलीच्या जॉर्जिया मेलोनी यांचा चेहरा परक्या देहांवर चढविलेल्या चित्रफिती 2020 मध्ये, त्या पंतप्रधान होण्यापूर्वीच, प्रसृत झाल्या. त्यांनी न्यायालयाकडे 1 लाख युरोंची भरपाई मागितली. परंतु अशा लढाईला वकील, वेळ आणि प्रतिष्ठा यांचे पाठबळ लागते. उत्तर आयर्लंडमधील कॅरा हंटर यांच्यापाशी वेळच नव्हता. 2022 च्या विधानसभा निवडणुकीला काही आठवडे उरले असताना त्यांची म्हणून एक अश्लील चित्रफीत व्हॉट्सॲपवरून फिरू लागली. ती त्यांची नव्हती. पण खुलासा करावा, तर ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनाही तिचा पत्ता लागणार. गप्प राहावे, तर मौन म्हणजे कबुली ठरणार. हंटर निवडून आल्या, पण अवघ्या 14 मतांनी. एवढ्या निसटत्या लढतीत एक अफवाही निकाल फिरवू शकते.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर येथे असत्य निर्माण करण्याचा खर्च शून्याकडे झुकतो आणि ते खोडण्याचा सारा भार पीडितेवर पडतो. सार्वजनिक जीवनात येऊ पाहणाऱ्या स्त्रीवरील हा अघोषित करच होय. आणि सरसकट कराप्रमाणे तोही दुबळ्यालाच अधिक जाचतो. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखल्या. आरक्षणाने दार उघडले खरे. पण उंबरठ्यावर अब्रूची जकात भरावी लागणार असेल, तर ग्रामपंचायतीची उमेदवार न्यायालय गाठण्याआधी माघारच घेईल.

अमेरिकेने 2025 मध्ये कायदा करून तक्रारीनंतर 48 तासांत अशी चित्रे हटविण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. दिशा योग्य आहे. मात्र मतदानाच्या पूर्वसंध्येला 48 तासही फार होतात. खरा उपाय हा भार बनविणाऱ्यावर आणि प्रसारातून नफा मिळविणाऱ्यांवर टाकण्याचा आहे. त्यांना असत्य महाग पडल्याखेरीज स्त्रीला राजकारण परवडणार नाही.