गांधीजींनी बॉम्ब टाकलाच नव्हता!

रात्री दोन वाजता 'बस, अजून एकच टर्न' म्हणत पहाट करणाऱ्यांना 'सिव्हिलायझेशन' हा गेम काय चीज आहे, ते वेगळं सांगायला नको. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी केलेला हा गेम 'मायक्रोप्रोज' कंपनीने १९९१ मध्ये आणला. बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळायचा डाव. एका वस्तीपासून सुरुवात करायची आणि अंतराळयानापर्यंत मजल मारायची. १९९६ मध्ये दुसरी आवृत्ती आली, २०१० मध्ये पाचवीने नकाशावरचे चौकोन काढून षटकोन आणले, २०२५ मध्ये सातवी आली. चौतीस वर्षं गेम टिकणं ही साधी गोष्ट नाही.

पण त्याच्यापेक्षा जास्त गाजला तो एक किस्सा. पहिल्या आवृत्तीत भारताचे नेते म्हणून गांधीजी होते. म्हणे, त्यांच्या आक्रमकतेचा आकडा होता १. लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा व्हायचे. आठ बिटच्या खणात उणे आकडा मावत नाही, म्हणून तो थेट २५५ व्हायचा आणि अहिंसेचे पुजारी अणुबॉम्ब टाकत सुटायचे!

किस्सा भन्नाट आहे. प्रोग्रामिंग शिकताना उदाहरण म्हणूनही झकास. फक्त एकच अडचण आहे. तो खरा नाही.

मायर यांनी २०२० मध्ये आलेल्या आत्मचरित्रात स्पष्टच सांगितलं की, अशी चूक गेममध्ये नव्हतीच. अणुबॉम्ब हाती असला की कुठलाही नेता समोरच्याला धमकावायचा, तसे गांधीजीही धमकवायचे. त्यांच्या तोंडी ते विचित्र वाटायचं, म्हणून लक्षात राहिलं. पुढे त्याला बिट-बाइटचं स्पष्टीकरण चिकटलं. गंमत म्हणजे पाचव्या आवृत्तीत गेम बनवणाऱ्यांनीच गांधीजींचं अणुबॉम्बप्रेम मुद्दाम वाढवून ठेवलं. म्हणजे आधी गेममध्ये गंमत घातली गेली, मग पहिल्या आवृत्तीतल्या चुकीची अफवा आली!

आपण फसलो कुठे? स्पष्टीकरणात आकडे होते, तांत्रिक शब्द होते, हिशेब बरोबर होता. हिशेब बरोबर, म्हणजे घटनाही खरी, असं आपण धरून चाललो. मूळ कोड कुणी पाहिला होता? तो खुला नव्हताच.

इथे याच गेमचा दुसरा वारसा आठवतो. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकणाऱ्या तिघा विद्यार्थ्यांनी याच धर्तीवर 'फ्रीसिव्ह' नावाचा गेम लिहिला आणि १९९६ मध्ये कोडसकट सगळ्यांसाठी खुला केला. जगभरातले लोक आजही त्यात भर घालतात. तिथे कुणी 'अमुक नेत्याच्या आकड्यात घोळ आहे' म्हटलं, तर वाद घालत बसायची गरज नाही. फाइल उघडायची, ओळ दाखवायची, विषय संपला.

सगळ्याच गोष्टींचा कोड असा उघडून बघता येत नाही, मान्य. पण ग्रुपवर आलेला फॉरवर्ड, सेमिनारमध्ये ठोकलेला किस्सा, रीलमधला 'फॅक्ट' यांच्याबाबत 'हे मुळात कुणी पाहिलं?' एवढं तर विचारता येतं. विशेषतः गोष्ट जेव्हा फारच चपखल बसते, तेव्हा.

तेव्हा दोस्तांनो, पुढचा किस्सा फॉरवर्ड करण्याआधी थांबा. बस, एकच टर्न.