निकाल लांबला, तरी मूल घरी बसवू नका



गोष्ट 2024 सालच्या आषाढी पौर्णिमेची आहे. वर्षावासाचा पहिला दिवस. पारोळ्यात आमच्या विहारात वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि आमच्याच वस्तीतली एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. कपाशीच्या निंदणीला जाणारी, हाताला चिरा पडलेली. हळूच म्हणाली, "ताई, पोरना निकाल अजून उना नही. आते काय करानं?"

तिची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली होती. बोर्डाचा निकाल 21 मे रोजीच लागला होता. पण तिला केंद्रीय विद्यापीठात शिकायचे होते. तिथे 2022 पासून बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळत नाही, सीयूईटी नावाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. मुलीने ती मे महिन्यात दिली. निकाल 30 जूनला लागेल असे सांगितले होते. 30 जून गेला, अर्धा जुलै गेला, निकाल नाही. मुलगी रोज सकाळी मोबाईल उघडून बघायची आणि न जेवता कोपऱ्यात बसायची. तेवढ्यात दिराने धुळ्याकडचे एक स्थळ आणले. "निकाल येईल तेव्हा येईल, पोरगी रिकामीच बसली आहे तर बघून घेऊ," असे त्याचे म्हणणे. आईला पोरीला शिकवायचे होते, पण निकालच हातात नसल्यामुळे दिराला उत्तर काय द्यावे हे तिला सुचत नव्हते.

तिचे बोलणे ऐकताना मला माझा धाकटा भाऊ आठवला.

1994 साली तो बारावीला बसला होता. निकालाच्या दिवशी सगळ्यांना गुणपत्रिका मिळाल्या, याचा निकाल राखून ठेवला होता. प्रात्यक्षिकाचे गुण कुठेतरी अडकले होते. चूक त्याची नव्हती. वडील हमाली करायचे. कोणाला भेटायचे, कोणाला अर्ज द्यायचा, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्या गावावरून जाणारा हमरस्ता थेट सुरतेला जातो. ओळखीचा एक माणूस म्हणाला, "महिनाभर लूमवर चल, चार पैसे कमव, निकाल लागला की परत ये." भाऊ गेला. जुलैच्या शेवटी निकाल आला. फर्स्ट क्लास! पण तोवर कॉलेजचे प्रवेश आटोपले होते आणि त्याने दोन पगार घरी पाठवले होते. त्या पैशांतून घरावर नवे पत्रे पडले होते. त्याला परत ये म्हणायला कोणाची जीभ उचलली नाही. तो आजही सुरतेलाच आहे. संसार नीट आहे, तक्रार करत नाही. त्याची ती गुणपत्रिका मात्र आईच्या पेटीत घडी घातलेली आहे.

परीक्षेत तो पास होता. त्याचे शिक्षण बुडाले ते जून-जुलैच्या त्या दोन महिन्यांत. म्हणून मला वाटते, निकाल लांबण्याची आपल्या घरांनी वेगळी धास्ती घेतली पाहिजे. ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांचे मूल दोन महिने थांबले तर थांबते. आपले मूल थांबले की त्याला कोणीतरी कामाला नेते, नाहीतर बोहल्यावर चढवते.

निकाल लांबणे ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही. 2017 साली मुंबई विद्यापीठाने पदवीच्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि सगळा गोंधळ झाला. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली, काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावे लागले. 2020 साली करोनामुळे आपल्या राज्याची एमएचटी-सीईटी ऑक्टोबरमध्ये झाली आणि निकाल 28 नोव्हेंबरला लागला. 2022 साली सीयूईटीचा पहिलाच निकाल सप्टेंबरच्या मध्यावर आला. 2025 साली 27 एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताचे 21 प्रश्न चुकीचे निघाले, म्हणून 27 हजारांहून अधिक मुलांना 5 मे रोजी पुन्हा सीईटी द्यावी लागली. या परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होतात. एक पेपर सोपा, एक अवघड. त्यांचा मेळ घालावा लागतो, उत्तरतालिकेवर हरकती घ्याव्या लागतात. कुठेही एक गाठ बसली की सगळ्यांचा निकाल अडतो. तेव्हा निकाल आला नाही म्हणजे आपल्या मुलाचे काही बिनसले, असे मनात आणू नका.

आता करायचे काय, ते सांगते.

पहिली गोष्ट, हातची जागा सोडू नका. निकालाची वाट पाहत असतानाच गावातल्या किंवा जवळच्या महाविद्यालयात बारावीच्या गुणांवर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन ठेवा. आपल्याकडे या शाखांना सीईटी लागत नाही. "पुढे दुसरीकडे नंबर लागला तर भरलेले पैसे बुडतील," ही भीती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2024-25 साठी असा नियम केला होता की, 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत द्यावे आणि 31 ऑक्टोबरपर्यंत केल्यास जास्तीत जास्त हजार रुपये कापावेत. दर वर्षीची तारीख वेगळी असू शकते, ती प्रवेश घेतानाच विचारून घ्या. मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयाने पाहून परत द्यावीत, अडवून ठेवू नयेत, असेही आयोगाने 2018 साली सांगितले आहे. प्रवेश रद्द करायची वेळ आली तर तोंडी सांगू नका. अर्ज लिहा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. शिष्यवृत्तीचा अर्ज पहिल्या महाविद्यालयातून भरला असेल तर तोही रद्द करून घ्या, नाहीतर दुसरीकडे भरताना अडचण येते.

दुसरी गोष्ट, वाट पाहण्याचे दिवस कागदांना द्या. निकाल लागला की प्रवेशाला फार थोडे दिवस मिळतात आणि तेव्हा तहसील कचेरीत रांग लागलेली असते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधार जोडलेले बँक खाते एवढे आधीच तयार ठेवा. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा शिक्षणाला राखीव जागेवर जायचे असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्याला कित्येक महिने जातात. त्याचा अर्ज बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करायचा असतो.

या वैधतेपाशी आपली पुष्कळ घरे अडतात. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. तो कुठे मिळेल? आजोबा किंवा त्यांचे भाऊ ज्या शाळेत चार इयत्ता शिकले, त्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा घ्या. शाळेत गेलेच नसतील तर तहसीलमधून जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदीची किंवा कोतवाल बुकाची नक्कल काढा. 1956 च्या धम्मदीक्षेआधीच्या या नोंदीत जुनी जात असते आणि मुलाच्या दाखल्यावर बौद्ध. दोन कागद जुळत नाहीत म्हणून काही जण घाबरून अर्जच करत नाहीत. घाबरू नका. 1990 साली झालेल्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या आणि धर्मांतरितांचा दाखला वेगळ्या नमुन्यात मिळतो. आजोबांपासून नातवापर्यंतची वंशावळ नीट लिहून द्या, म्हणजे झाले.

तिसरी गोष्ट छोटी, पण तिने अनेकांचे नुकसान केले आहे. फॉर्म भरताना मोबाईल नंबर स्वतःच्या घरचा द्या. सायबरवाल्याचा नंबर किंवा त्याचा ई-मेल टाकला की निकालाचा आणि मुदतीचा निरोप त्याला जातो, आपल्याला नाही. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. "पैसे द्या, निकाल लवकर काढून देतो, गुण वाढवून देतो," असे म्हणणाऱ्याला दारात उभे करू नका.

एकट्या आपल्याच मुलाचा निकाल राखून ठेवला असेल तर मात्र एक दिवसही घालवू नका. हॉलतिकीट घेऊन त्याच दिवशी शाळेत जा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि आठवड्याने पुन्हा जा. निकाल प्रलंबित असल्याचे पत्र मुख्याध्यापकांकडून मागा आणि ते दाखवून प्रवेशासाठी विचारा. माझ्या भावासाठी हे कोणी केले नाही, कारण कोणाला माहीत नव्हते.

आणि चौथी गोष्ट घरातली. मुलाला रोज "आला का, आला का" विचारू नका. निकाल आला आणि सीईटीत 80 पर्सेंटाईल दिसले तर ते शेकडा गुण समजू नका. त्या सत्रात बसलेल्या शंभरातले ऐंशी जण त्याच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, असा त्याचा अर्थ. मुलाने त्या दिवसांत काम करूच नये, असे मी म्हणणार नाही. आपली घरे हातावर पोट असलेली. निंदणीला जाऊ दे, दुकानात बसू दे. पण काम गावातले असावे आणि कॉलेजचे नाव पटावर लागलेले असावे. पोराला परगावच्या कामावर आणि पोरीला बघण्याच्या कार्यक्रमात, निकालाआधी पाठवू नका. पाहुण्यांना सांगा, "पोर शिकते आहे." कॉलेजात नाव असेल तर हे वाक्य खरे असते आणि खरे बोलायला जोर लागत नाही.

त्या बाईला मी हेच सांगितले. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ती कामाचा खाडा करून मुलीला घेऊन गावातल्या कॉलेजात गेली. बी.ए.ला जागा होती, नाव लागले. त्या रविवारी, 28 जुलैला, सीयूईटीचा निकाल लागला. मुलीला गुण बरे होते, पण तिला हव्या त्या विद्यापीठाच्या यादीत तिचे नाव आले नाही. मुलगी एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन वर्गात गेली, कारण जायला वर्ग होता.

दीर पुन्हा आला तेव्हा आई त्याला म्हणाली, "भाऊ, पोर कॉलेजले जास. आते तीन वरीस नाव काढू नका."

बहिणींनो, तुमच्या घरात यंदा कोणी बारावीला असेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी पेटी उघडा. आजोबांच्या शाळेचा उतारा आहे का, ते बघा. नसेल तर उद्याच त्या शाळेत जाऊन या.