पाकिटाची मागची बाजू

प्राण्यांच्या दवाखान्यात संध्याकाळी थोडा वेळ बसलं तरी लक्षात येतं, शहरात मांजर पाळणारी घरं किती वाढलीत. कुणी बास्केटमधून आणतं, कुणी भाजीच्या पिशवीतून, कुणी ओढणीत गुंडाळून. त्यांत एखादा धष्टपुष्ट बोका असतो. पुन्हा पुन्हा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसलेला, कुंथून दमलेला, आणि तरी थेंबभर लघवी न झालेला. डॉक्टर पोटाला हात लावतात, टणक फुगलेलं मूत्राशय बोटांना लागतं. उपचारांची धावपळ सुरू होते आणि त्यातच प्रश्न येतो, "खायला काय देता?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "ड्राय फूड. वाटी भरून ठेवतो, त्याला हवं तेव्हा खातो."

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट गाळ अडकला की लघवी तुंबते, आणि एक-दोन दिवसांत ते जिवावर बेतू शकतं. याचा सगळा दोष कोरड्या खाण्यावर टाकणं बरोबर नाही. वाढलेलं वजन, ताण, दिवसभर घरात पडून राहणं अशी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. पण असा बोका बरा होऊन घरी निघतो तेव्हा डॉक्टर एक गोष्ट हमखास बजावतात, याच्या पोटात पाणी जास्त गेलं पाहिजे. वेट फूडचा, म्हणजे पाउच-डब्यांतल्या ओल्या खाद्याचा, विचार मी इथूनच सुरू करते. पुष्कळांना ते मांजरीचे लाड वाटतात. माझ्या लेखी ते आधी पाणी आहे.

मांजर पाणी पीत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्याचं मूळ तिच्या वंशात आहे. जगभरची पाळीव मांजरं पश्चिम आशियातल्या 'फेलिस लिबिका' या रानमांजराची वंशज आहेत, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. हे रानमांजर कोरड्या मुलखातलं. उंदीर, पाखरं, सरडे मारून जगणारं. उंदराच्या शरीरात दोन तृतीयांशाच्या आसपास पाणीच असतं, त्यामुळे शिकारीतच त्याची तहान बरीचशी भागायची. आजच्या मांजरीची मूत्रपिंडंही पाणी राखून लघवी अतिशय घट्ट करू शकतात, आणि तहान मात्र तिला बेताचीच लागते. अशा प्राण्यापुढे आपण जेमतेम आठ-दहा टक्के पाणी असलेले दाणे ठेवतो. ते खाणारी मांजर पाणी जास्त पिते हे खरं, पण तूट पुरती भरून निघत नाही. वेट फूडमध्ये पाण्याचं प्रमाण पंचाहत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या घरात असतं. पंच्याऐंशी ग्रॅमचं एक पाउच खाल्लं की चार मोठे चमचे पाणी तिला न कळत पोटात गेलेलं असतं.

म्हणून काही दुकानातलं प्रत्येक ओलं पाकीट चांगलं ठरत नाही. फळीवर रंगीत पाउच, छोटे डबे, चाटायच्या नळ्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. पुढच्या बाजूला चकचकीत ट्यूना, कोळंबी, भाजलेल्या चिकनचा तुकडा. ही चित्रं आपल्यासाठी काढलेली आहेत, कारण पैसे आपण देतो. मांजरीच्या कामाचा मजकूर मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो.

गेल्या आठवड्यात दुकानात एक काकू ट्यूनाच्या डब्यांची चळत उचलत होत्या. मी विचारलं, "काकू, रोज हेच देता का?"

"हो गं. तीन महिन्यांचं पिल्लू आहे, दुसरं काही तोंडातच धरत नाही. यात नुसता मासा आहे बघ, भेसळ काही नाही."

डबा उलटा केला. आयात करणाऱ्याचं किमतीचं स्टिकर घटकांच्या यादीवरच आडवं चिकटवलेलं होतं. त्याच्या कडेखाली निळ्यावर रुपेरी, मुंगीएवढ्या अक्षरांत एक शब्द होता, 'कॉम्प्लिमेंटरी'. म्हणजे पूरक खाद्य. दुसऱ्या जेवणासोबत तोंडी लावायला द्यायचं. वाढत्या पिल्लाला रोज हेच दिलं तर पोट भरतं आणि हाडं, डोळे, काळीज उपाशी राहतं. आपल्याला हवे असलेले शब्द आहेत 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', आणि त्यापुढे कुणासाठी तेही लिहिलेलं हवं, पिल्लासाठी, मोठ्या मांजरीसाठी की सर्व वयांसाठी. चाटायच्या नळ्याही बहुतेक पूरकच असतात. औषध चारायला, ओळख वाढवायला त्या छान; जेवणाच्या जागी चालत नाहीत.

'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' या शब्दांमागे बऱ्याच मांजरांचे जीव आहेत. मांजरीला टॉरीन नावाचं द्रव्य मांसातून मिळावंच लागतं, ते पुरेसं बनवणं तिच्या शरीराला जमत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हे १९७० च्या दशकातच कळलं होतं. पण हृदयाचा संबंध उलगडला तो १९८७ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात पॉल पायन या पशुवैद्यकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हृदय पसरून निकामी होत चाललेल्या कितीतरी मांजरांच्या रक्तात टॉरीन अगदी कमी आहे. ही मांजरं काही उकिरड्यावर जगणारी नव्हती. त्या काळच्या मोजमापानं परिपूर्ण मानलेलं, कंपन्यांनी बनवलेलं खाणंच ती खात होती. टॉरीन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. कंपन्यांना पाककृती बदलाव्या लागल्या. आज अमेरिकेतली 'आफ्को' ही संस्था जी किमान पातळी सांगते, ती कोरड्या खाद्याच्या दुप्पट डबाबंद खाद्याला आहे, कारण डब्यातल्या प्रक्रियेनंतर मांजरीच्या अंगी लागायला जास्त टॉरीन घालावं लागतं. घटकांच्या यादीत 'टॉरीन' वाचलं की मला त्या मांजरांची आठवण होते.

त्यानंतर आकडे. पाउचवर प्रथिनं नऊ टक्के आणि ड्राय फूडच्या पिशवीवर तीस टक्के वाचून लोक पाउच खाली ठेवतात. इथे पाणी वजा करून हिशेब करायचा असतो. पाउचमध्ये पाणी ८२ टक्के असेल तर उरलेला ऐवज १८, त्यातले ९ प्रथिनं. म्हणजे निम्मी. पिशवीत पाणी १० टक्के, उरलेल्या ९० मधले ३०, म्हणजे तेहतीस टक्के. पाउचच सरस निघालं. पाणी वगळून मोठ्या मांजरीला किमान २६ टक्के आणि पिल्लाला ३० टक्के प्रथिनं हवीत, असं आफ्कोचं मोजमाप आहे. चांगलं वेट फूड याच्या बरंच वर असतं.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहितात. पहिल्या काही जागांवर चिकन, मासा, यकृत, काळीज अशी नावं स्पष्ट दिसावीत. यकृत-काळजाला नाक मुरडू नये, उंदीर खाताना मांजर तेही खाते. नावातल्या खुब्याही ओळखाव्यात. अमेरिकी नियमांनुसार 'विथ ट्यूना' म्हणायला तीन टक्के ट्यूना पुरतो, आणि 'ट्यूना फ्लेवर' म्हणायला नुसती चव लागली तरी भागतं. ग्रेव्ही दाट करायला बहुधा स्टार्च किंवा गव्हाचं ग्लुटेन वापरतात. मऊ वडीसारख्या पाते प्रकारात ते सहसा कमी असतं. थोड्या स्टार्चनं काही बिघडत नाही, पण मधुमेही किंवा जाड मांजरीसाठी तिथे नजर हवी.

नुसत्या आकड्यांवरही विसंबता येत नाही, हे २००७ च्या मार्चमध्ये जगानं पाहिलं. कॅनडाच्या 'मेन्यू फूड्स' कंपनीनं अनेक ब्रँडांसाठी बनवलेले सुमारे सहा कोटी डबे आणि पाउच परत मागवले. ग्रेव्हीतल्या तुकड्यांच्या प्रकारात वापरलेलं ग्लुटेन चीनमधून आलं होतं आणि त्यात मेलामाइन हे रसायन मिसळलेलं होतं. प्रथिनांची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजते. मेलामाइनमध्ये तो भरपूर, म्हणून आकडा फुगला. ते खाणाऱ्या कित्येक मांजरा-कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडली. म्हणून पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख नीट हवी. कंपनीकडे पोषणतज्ज्ञ आहे का, माल कुठल्या कारखान्यात बनतो, हे मी ईमेलनं विचारते. सरळ उत्तर देणाऱ्या कंपनीचं खाद्य मी विश्वासानं घेते.

"एवढं कशाला? आमच्याकडे मांजरं दूध-पोळी आणि सुकटीवर वाढली," असं वडीलधारी मंडळी म्हणतात. ती मांजरं वाढली ती परसात आणि धान्याच्या कोठारात. दूध-पोळी घरातली असायची, जेवण बाहेरचं, उंदरांचं. चौथ्या मजल्यावर जाळी लावलेल्या खिडकीत बसणाऱ्या मांजरीला ते बाहेरचं जेवण नाही. त्यात मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, जुलाब होतात. सुकट आणि सुक्या बोंबलात मीठ फार. काही जातींच्या कच्च्या माशांत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो; सतत तेच खाल्लं तर मांजर झोकांड्या खाऊ लागते, मान खाली वळते. कालवणातला मासा धुऊन दिला तरी कांदा-लसणाचा अंश राहतो, आणि तो तिच्या तांबड्या पेशी फोडतो. साधा उकडून काटे काढलेला बांगड्याचा तुकडा अधूनमधून द्यायला हरकत नाही, त्यावर सगळा भार नको.

उकडलेल्या चिकनबद्दलही हेच. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. त्यावरच वाढवलेल्या पिल्लाची हाडं मऊ होऊन वाकतात. घरी शिजवायचंच तर पशुपोषणतज्ज्ञाकडून प्रमाण घ्यावं, कारण २०१९ मध्ये डेव्हिसच्याच संशोधकांनी मांजरांसाठीच्या ११४ घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा सगळी पोषणद्रव्यं पुरेशी असलेली एकही निघाली नाही.

कच्च्या चिकनचं खूळही हल्ली वाढतंय, त्याबद्दल स्पष्ट लिहिते, कारण कच्च्या कोंबडीतून बर्ड फ्लू येऊ शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यजीव बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये तोच विषाणू सापडला. वाघाला जो विषाणू झेपला नाही, त्याची जोखीम घरच्या मांजरीपुढे ठेवू नका. शिजवलं की विषाणू मरतो.

खर्चाचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. चार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजरीला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. एका पाउचमध्ये ६० ते ८० असतात. नुसत्या वेट फूडवर ठेवायचं तर रोज तीन-चार पाउच होतात, दोन मांजरं असली तर महिन्याचं गणित कोलमडतं. अशा घरांनी अपराधी वाटून घेऊ नये. दिवसातून एक पाउच, त्यात दोन चमचे कोमट पाणी कालवून, आणि बाकीचं चांगलं ड्राय फूड मोजून. हे पुष्कळ आहे. पाउच सुरू केलं की तेवढे दाणे कमी करायला मात्र विसरायचं नाही, नाहीतर वजन चढतं. बरगड्यांवरून हात फिरवल्यावर त्या बोटांना सहज लागाव्यात, ही घरच्या घरी करायची परीक्षा.

बदल आठवड्याभरात, हळूहळू. पिल्लूपणी एकाच पोताची सवय लागलेली मांजर नवीन पदार्थाला तोंड लावत नाही. मग जुन्या दाण्यांत अगदी बोटभर वेट फूड मिसळावं आणि रोज थोडं वाढवावं. फ्रिजमधलं थंडगार पाउच तसंच वाढू नये. ते अंगाइतकं कोमट केलं की वास सुटतो, आणि मांजर आधी नाकानं जेवते. 'भूक लागली की खाईल' म्हणून तिला उपाशी ठेवणं धोक्याचं. विशेषतः जाड मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही तर तिच्या यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ लागतं. आपल्या दमट हवेत वाढलेलं खाणं तासाभरापलीकडे ताटलीत ठेवू नये, उघडलेलं पाउच झाकून फ्रिजमध्ये आणि दोन दिवसांत संपवावं. म्हाताऱ्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारी मांजरीला फॉस्फरस मोजून द्यावा लागतो, तिचं खाणं डॉक्टरांनीच ठरवावं.

आपण तिला घरात घेतलं, खिडकीला जाळी लावली, शिकार बंद केली. हे तिच्या भल्यासाठीच केलं. रस्त्यावरच्या गाड्या आणि कुत्री तिला जगू देत नाहीत. पण त्याबरोबर उंदरानं पुरवलेलं पाणी, टॉरीन, कॅल्शियम असं सगळं तिला देण्याची जबाबदारी आपल्याकडे आली. ती पार पाडायला फार श्रीमंती लागत नाही. पुढच्या खेपेला दुकानात गेलात की 'चांगलं कुठलं आहे?' असं मोघम न विचारता 'कम्प्लीट कुठलं आहे?' असं विचारा, आणि स्टिकरखाली मजकूर झाकला गेला असेल तर तसं पाकीट परत करा. काकूंनी त्या दिवशी पिल्लांसाठीचं परिपूर्ण खाद्य मागितलं, तेव्हा दुकानदाराकडे ते नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मागवून घेतलं. गिऱ्हाइकं मागू लागली की फळीवरचा माल बदलतो.