प्रूफवर सही कुणाची?

मंडळी, आज राजकारणावर लिहीत नाही. आज स्वतःची एक चूक सांगतो. ती माझ्या एकट्याची नाही, आपल्यातले बरेच जण रोज करतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

आम्ही तिघा मित्रांनी सासवडसाठी एक मोबाइल ॲप काढायचं ठरवलं. तालुक्याच्या बातम्या, बाजारभाव, आणि कोणत्या भागात नळाला पाणी कधी येणार ते. एवढंच. वीस वर्षं बातमीदारी केली, पत्रकारितेची पदविका भिंतीवर आहे, पण ॲप कसं चालावं हे आपल्याला कळत नाही, एवढी अक्कल शाबूत होती. म्हणून एका फ्रीलान्स डिझायनरला काम दिलं. नारायण पेठेत पत्र्या मारुतीजवळ एका जुन्या इमारतीत दोन खोल्यांत राहून ती ही कामं करते. वयाने माझ्याहून बरीच लहान. ती मला दादा म्हणते.

ठरलं ते सगळं फोनवर. साठ हजार रुपये, पंधरा हजार आधी, दीड महिन्यात काम. ना कागद, ना ईमेल. 'आपल्यातलंच काम आहे, लिहून कशाला घ्यायचं?' हे वाक्य माझंच.

मला वाटलं होतं, ती घरी बसून छान रंग आणि चित्रं करून पाठवेल. तिने पहिल्याच आठवड्यात काय करावं? सासवडच्या एसटी स्टँडवर येऊन उभी राहिली. कागदावर काढलेले मोबाइलचे पडदे लोकांसमोर धरायची आणि म्हणायची, 'काका, यात तुमच्या भागाचं पाणी कधी येणार ते शोधून दाखवा.' आणि गप्प उभी राहायची. कुठे बोट अडतंय, कुठे माणूस चष्मा वर करतोय, हे वहीत लिहायची. दोन दिवसांत तिने सांगितलं, 'दादा, लोकांना आधी पाणी पाहिजे, मग भाव, मग बातमी. आणि बातमी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवायचं बटण अंगठ्याजवळ पाहिजे.' वीस वर्षं त्या स्टँडवर चहा पितोय मी. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

डिजिटल प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे हे. रंगरंगोटी शेवटी येते.

आणि मग मी सुरू केलं माझं 'जरा'. जरा लोगो मोठा कर. जरा पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा वर घे, जाहिरातीचे पैसे तिथूनच येतात. जरा निळा करून बघ, भागीदाराच्या मेहुण्याला लाल आवडला नाही. नंतर मोजलं तेव्हा कळलं, पहिला पडदा मी अकरा वेळा बदलून घेतला होता. दीड महिन्याचं काम साडेचार महिने चाललं. ते संपलं आणि उरलेले पंचेचाळीस हजार मी दिलेच नाहीत. बुडवायचे नव्हते हो. जाहिरातदारांकडून येणं थकलं होतं, म्हणून 'पुढच्या आठवड्यात' चाललं होतं. असे तीन महिने गेले.

एक दिवस स्वारगेटला बसमध्ये असताना तिचा मेसेज आला. 'दादा, घरभाडं थकलंय. सगळे नाही तर निम्मे तरी पाठवाल का?'

मंडळी, हा मेसेज मी ओळखला. तो मीच पाठवायचो. तालुक्याचा स्ट्रिंगर होतो तेव्हा एका दैनिकाकडे बातम्यांचं मानधन महिनोन्‌महिने अडकायचं. फोन केला की उत्तर ठरलेलं, 'अकाउंटला सांगितलंय.' तेव्हा शिव्या घालायचो मनातल्या मनात. आणि आता मी तिला काय लिहिलं होतं? 'हो, बघतो.' फरक काय राहिला?

त्याच दिवशी नारायण पेठेत गेलो. तिच्याकडे जायचं धाडस होईना, म्हणून आधी ओळखीच्या प्रेसमध्ये जाऊन बसलो. आमचा दिवाळी अंक तिथे छापला जायचा. मालक काका सत्तरीचे. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, 'फायनल प्रूफवर सही कुणाची?'

मी म्हटलं, 'काका, ॲपला प्रूफ कसलं?'

'मग भोगा,' म्हणाले.

त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रेसमध्ये काम टाकलं की कागदाचे पैसे आधी. पहिलं प्रूफ गिऱ्हाइकाने तपासायचं, दुसरं तपासायचं, मग 'छापा' लिहून सही. त्यानंतर एक वेलांटी बदलायची म्हटली तरी पैसे पडणार. गिऱ्हाईक कितीही जवळचं असो, सहीशिवाय मशीन चालू व्हायचं नाही. ही शिस्त खिळ्यांच्या काळापासूनची. कारण बदल करायचा तर माणसाला हाताने खिळे उपसून परत जुळवावे लागायचे, आणि ते कष्ट समोर दिसायचे. पडद्यावर कष्ट दिसत नाहीत. म्हणून आपल्याला वाटतं, बदल फुकट असतो.

ज्या पेठेत केसरीवाडा आहे, तिथे हे ऐकायला मिळालं याची गंमत वाटली. 'केसरी' १८८१ साली सुरू झाला. देवनागरी छापायला शेकडो वेगवेगळे खिळे लागायचे. ती संख्या कमी करून जुळणी सोपी कशी होईल, यासाठी लोकमान्यांनीही खटपट केली होती. वापरणाऱ्याचा हात कुठे अडतो हे बघून वस्तू सुधारायची, हे काम आपल्याकडे नवं नाही. नाव नवं आहे, आणि त्याचे पैसे द्यायची सवय मोडली आहे.

घरी येऊन कायदा वाचला. जे कळलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून सांगतो.

एक. डिझायनरने सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी केलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तिचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढची ठरवता येत नाही. लेखी काही ठरलेलंच नसेल, तर मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार सरकारी पोर्टलवरून करता येते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही नियम आला आहे. मुदत उलटली, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत तो खर्च धंद्याच्या उत्पन्नातून वजा मिळत नाही. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. आणि काम घेण्याआधी करा, मागाहून केलेल्या नोंदणीवर वाद होतात.

दोन. 'पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं' हा गैरसमज आहे. नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं. पण फ्रीलान्सरने केलेल्या डिझाइनचा कॉपीराइट, लेखी दिला नसेल तर, साधारणपणे तिचाच राहतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हस्तांतर लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांचं धरलं जातं. म्हणजे कागद न करून मी तिचंच नाही, माझंही नुकसान करत होतो.

तीन. डिझाइन म्हणजे ॲप नव्हे. डिझायनर पडद्यांचा नकाशा देते, तो चालता करायला डेव्हलपर वेगळा लागतो, त्याचे पैसे वेगळे. हे आधी विचारा, म्हणजे शेवटी भांडण होत नाही.

आता दुसरी बाजू. ॲडव्हान्स घेऊन फोन बंद करणारे फ्रीलान्सरही आहेत. दुसऱ्याची कामं आपली म्हणून दाखवणारेही आहेत. म्हणून चकचकीत नमुने बघून भुलू नका. विचारा, 'यातलं नेमकं तू काय केलंस? लोकांना कुठे अडचण होती आणि तू काय बदललंस?' खरं काम केलेला माणूस यावर अर्धा तास बोलतो. आधी छोटं काम द्या, पण त्याचे पैसे द्या. फुकट सॅम्पल मागणं म्हणजे फुकट बातमी मागण्यासारखंच. आणि नमुन्यात इंग्रजी नाही, खरा मराठी मजकूर टाकायला सांगा. 'पाणीपुरवठा वेळापत्रक' बटणात मावतं का, रफार-वेलांटी कापली जाते का, ते तेव्हाच कळतं.

मग सगळ्यात महत्त्वाचं, एक पानभर कागद करा. काम काय, किती पडदे, बदल किती वेळा फुकट आणि त्यापुढे किती पैसे, हप्ते कधी, मूळ फाइल कुणाची, मंजुरी देणारा माणूस कोण. मंजुरी देणारा एकच असू द्या. मेहुणे वगळा.

काही जण म्हणतील, छोट्या गावातल्या माणसाकडे पैसे नसतात, अडकतात. खरं आहे, माझेही अडकले होते. पण जाहिरातदाराने मला थकवलं याची वसुली मी माझ्याहून लहान असलेल्या माणसाकडून का करावी? आपल्याकडे उधारी नेहमी उतारावरच का वाहते? मोठ्याकडे मागायची हिंमत नाही, म्हणून छोट्याला थांबवायचं. याला परिस्थिती म्हणू नका, ही सवय आहे.

सोन्याची अंगठी मोडली नाही की काही नाही. माझ्या गाडीचा विचार चालला होता, तो पुढे ढकलला, एवढंच. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस हजार दिले, आणि वाढीव बदलांचे वेगळे, तिने सांगितले तेवढे. तिने पैसे मोजले नाहीत. एक छापील पान पुढे केलं आणि म्हणाली, 'दादा, पुढचं काम असेल तर आधी यावर सही.'

सही केली. ॲप आता सुरू आहे. पाण्याच्या वेळा पहिल्या पडद्यावर आहेत, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा खाली.