'पानी' म्हटले तर हसायचे का?



वर्गात एखादा मुलगा 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणतो. एक जण हसतो, मग सगळा वर्ग हसतो. चूक काय झाली, हे हसणाऱ्यांना एकेकटे विचारून पाहा. बहुतेकांना सांगता येत नाही. शेजारचा हसला म्हणून तेही हसले.

झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो. भंडारा-गोंदियाकडची हीच बोली आपल्या भागात घरोघरी ऐकू येते. १९५६ पर्यंत आपल्या राज्याची राजधानी नागपूरच होती. आणि हिंदीच्या तासाला तर हेच 'पानी' शुद्ध असते!

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या खानदेशी बोलीतल्या कविता मुलगा सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि १९५२ मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. त्या बोलीवर हसणारेही तेव्हा असतीलच.

परीक्षेसाठी प्रमाण मराठी यायलाच हवी, ती आम्ही शिकवतोच. पण चूक सांगायची ती जवळ बोलावून. पालकांना एक विनंती आहे. पुण्या-नागपूरचे पाहुणे चारचौघांत मुलाची भाषा सुधारू लागतात, तेव्हा आपण तरी त्यांच्याबरोबर हसू नये. तेच मूल शाळेत तोंड उघडत नाही आणि त्याला बोलते करायला शिक्षकांचे महिनेच्या महिने जातात.